समोरचा शॉट

पडद्यावरचं माणूस कुठेतरी बघू लागलं की ते काय बघतं आहे हे पुढच्या शॉटमध्ये दाखवावंच लागतं, नाहीतर बघणाऱ्याच्या मनाला हुरहूर लागून राहते, असं व्हिडिओ शिकवणाऱ्या सेतुमाधव सरांनी तुळजारामला पहिल्याच दिवशी सांगितलं. आठवीत शाळेला रामराम ठोकल्यापासून त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं आणि त्याआधी जे शिकवलं होतं त्यातलं काही डोक्यात उरलं नव्हतं. हे मात्र असं रुतून बसलं की संस्थेचा जिना उतरून तो टाउन बसमध्ये चढला, समोरच्या बाकावरच्या म्हातारीने मान वळवली, तर तोही आपोआप खिडकीबाहेर वाकून बघू लागला. बाहेर शहाळ्यांच्या एका हातगाडीशिवाय काही नव्हतं. म्हातारी नेमकं कशाकडे बघत होती, हे कोडं त्याला घरी पोचेपर्यंत सुटलं नाही.

खरं तर तो तिथे शिकायला गेलाच नव्हता, भांडायला गेला होता. त्याची थोरली बहीण अखिला मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावरच्या त्या लहानशा संस्थेत वर्षभराचा व्हिडिओचा कोर्स करत होती. तंजावूरात तेव्हा गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या तारा गेल्या होत्या, लग्न तिथे व्हिडिओ असा जमाना आला होता, पण कॅमेरा चालवणारी मुलगी साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडली नसती. अखिलाने घरात हट्ट धरून ते शिकायला घेतलं. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने आठ मिनिटांची एक फिल्म करायची असे. तिच्या फिल्मचे तीस शॉट झाले, एकतिसावा राहिला, आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी, तिसावा शॉट घेतल्यावर तासा-दोन तासांत, ती कालव्यात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाच्या झडपांपाशी सापडली. डिसेंबरात वर्षअखेरच्या फिल्मांची यादी संस्थेच्या फळ्यावर लागली, तीत तिचं नाव नाही असं कुणीतरी सांगितलं, आणि तुळजाराम हातातली जळकी मोटर तशीच टाकून, डोक्यात राख घालून जिना चढला.

"अक्काचं नाव का नाही?"

"फिल्म अपुरी आहे रे," सर म्हणाले. "शेवटचा शॉटच नाही."

"मग मी करतो पुरी."

"तुला येतं?"

"पंपसेटची जळलेली मोटर उघडून, तारेचे वेढे मोजून पुन्हा भरतो मी. एक वेढा चुकला तर शेतकरी दारात येऊन शिव्या घालतो. ह्याला कोण शिव्या घालतं?"

"प्रेक्षक घालतात," सर हसून म्हणाले, आणि मग त्यांनी हसू आवरलं. फेब्रुवारीच्या अखेरीला फिल्मा दाखवायच्या होत्या. तोवर काय ते कर, म्हणाले.

मार्गळीचा सबंध महिना, थेट पोंगल येईपर्यंत, तुळजाराम सकाळी वाइंडिंगच्या दुकानात आणि दुपारी संस्थेच्या एडिटच्या खोलीत बसला. खोली म्हणजे माळ्यासारखी एक चिंचोळी जागा, दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि मधे एक गोल नॉब. नॉब उजवीकडे फिरवला की माणसं पुढे चालत, डावीकडे फिरवला की आपल्या पावलांवर मागे जात, आणि मधेच धरून ठेवला की थरथरत जागीच उभी राहत. डाव्या यंत्रातली टेप बघायची, हवा तेवढा तुकडा उजव्या यंत्रात उतरवायचा, असं ते काम. तुळजारामच्या बोटांना ते सहज जमलं. कुठे कापलं की दिसत नाही, हात उचलला जात असतानाच कापलं की डोळा कसा फसतो, हे त्याला पुस्तकाशिवाय कळू लागलं, आणि जसजसं कळू लागलं तसतशी त्याला एक निराळीच गोडी लागली. इतके दिवस त्याच्या छातीत जे नुसतं आग होऊन बसलं होतं ते आता प्रश्न विचारू लागलं होतं.

अखिलाच्या फिल्ममध्ये गोष्ट म्हणावी तर एवढीच होती. नवरात्राच्या कोलूसाठी, बाहुल्या मांडायला माहेरी जायला निघालेली एक बाई कालव्याकाठच्या दगडी कट्ट्यावर बोचकं घेऊन बसते आणि न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघते. बाई अखिला स्वतःच झाली होती. तीस शॉट वाट बघण्याचे होते. तिच्या वहीत, घरची मराठी तमिळ अक्षरांत लिहून, एकेका शॉटपुढे एकेक ओळ होती. देवनागरी त्यांच्या घरात आजोबांनंतर कुणाला येत नव्हती. शेवटची ओळ अशी होती: 'एकतीस. भाऊ. तिला दिसतो तसा.'

तेव्हा करायचं एवढंच होतं की तिसाव्या शॉटमध्ये अखिला जिकडे बघते तिकडे काय आहे ते दाखवायचं. चौकटीत ती डाव्या अंगाला बसलेली, कट्ट्याचं टोक तिच्याही डावीकडे थेट पाण्यावर गेलेलं, आणि ती बघत होती उजवीकडे, चौकटीच्या बाहेर. तुळजारामने टीव्हीच्या काचेवर वाइंडिंगचा दोरा ताणून तिच्या नजरेची रेघ धरली. रेघ वर जात होती. म्हणजे समोरचं माणूस उभं होतं. किती उंच, ते त्याने तिच्या बोचक्याच्या उंचीवरून काढलं; साडेपाच फुटांच्या आतबाहेर. तो खूश झाला आणि पुन्हा नॉब फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, आणि अकराव्या की बाराव्या वेळी त्याला दुसरी गोष्ट दिसली.

तिच्या उजव्या गालावर उजेड होता. ऊन तिच्या पाठीशी असताना गालावर असा मऊ पांढरा उजेड पडायला समोर कुणीतरी थर्मोकोलचा पांढरा फळा धरून ऊन परतवावं लागतं. तो उजेड हलत होता. अगदी थोडा, हात अवघडलेल्या माणसाने फळा धरल्यावर हलतो तसा.

फळा धरायचं काम तुळजारामचं होतं. आणि तिसाव्या शॉटच्या वेळी तो तिथे नव्हता.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रविवारी तो आणि अक्का मोपेडवरून, आणि कॅमेरा घेऊन तिच्याबरोबर शिकणारा चिदंबर बसने, असे तिघे ओरत्तनाडूच्या अलीकडच्या त्या कालव्यावर गेले होते. तुळजारामने कॅमेऱ्याशेजारी फळा धरून उभं राहायचं आणि अखिलाने भाऊ समजून त्याच्याकडेच बघायचं, असं ठरलं होतं. पण त्याला डास चावत होते, वारा फळा ओढत होता, आणि प्रत्येक वेळी तो हलला की शॉट फुकट जात होता. तिसऱ्यांदा ती चिदंबरसमोर म्हणाली, "इथे खांब उभा केला असता तरी चाललं असतं. खांबाला अक्कल नाही हे आधीच माहीत असतं." त्याने फळा भिरकावला, मोपेडला लाथ मारली आणि निघून गेला. फाट्यावरच्या चहाच्या दुकानात केबलवर गाणी बघत अंधार पडेपर्यंत बसला. घरी आला तर अक्का आली नव्हती. अम्माने विचारलं तेव्हा तो म्हणाला, शॉट होईपर्यंत होतो, मग पुढे निघालो.

त्या एका खोट्यावर गेले चार महिने अम्माचे प्रश्न येऊन बसत होते. संध्याकाळी कॉफीचा टंबलर त्याच्या हातात देऊन ती विचारायची, "तू होतास नव्हे तिथे? तिने काही खाल्लं होतं का रे?" तो सांगायचा, दहीभात खाल्ला. "किती?" सगळा. अम्मा मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

तर मग फळा कुणी धरला होता? चिदंबर कॅमेऱ्यावर. तिसरं माणूस नव्हतंच. तुळजारामने नॉब धरून अखिलाचा चेहरा थांबवला आणि जवळ जाऊन बघितलं. खालचा ओठ दाताखाली, एका गालाला खळगा पडलेला. हसू दाबताना ती असं करायची. तुळजारामने लहानपणी कावडीतून पाणी आणायचं म्हणून दोन्ही घागरी स्वतःच्याच पायावर उलथल्या होत्या तेव्हा, आठवीचा निकाल लपवायला तो गुणपत्रिका खाऊन बसला होता तेव्हा. हा चेहरा ती दुसऱ्या कुणासाठी करत नसे.

चिदंबर दक्षिण राजवीथीतल्या एका व्हिडिओच्या दुकानात काम करत होता. तुळजाराम गेला तेव्हा तो काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने व्हीसीआरची हेडं पुसत होता. त्यांचं बोलणं नेहमी निम्मं तमिळ, निम्मं घरच्या मराठीत चाले; 'रे'च्या जागी सर्रास 'डा' येई.

"अण्णा, तिसाव्या शॉटला थर्मोकोल कुणी धरलं होतं?"

"कुणी म्हणजे? तूच की डा."

"मी निघून गेलो होतो."

"गेलास. आणि अर्ध्या तासात परत आलास. तोंड हे एवढं फुगलेलं! बोलला नाहीस, सरळ चालत आलास, थर्मोकोल उचललंस आणि उभा राहिलास. अक्का म्हणाली, 'बघ चिदंबर, खांब आला परत.'" चिदंबर हसला. मग तुळजारामचा चेहरा बघून त्याने काडी खाली ठेवली. "असं का विचारतोस?"

तुळजारामने ती काडी उचलून त्याच्या हातात परत दिली. दुकानातून तो बाहेर पडला तेव्हा त्याची पावलं हलकी पडत होती. चिदंबरची आठवण चुकत असेल, हे त्याला समजत होतं. पण गालावरचा तो उजेड काही कुणाची आठवण नव्हती, तो टेपवर होता. आणि तो खरा असेल तर अक्का त्याला अक्कल नाही म्हणाली ते शेवटचं नव्हतं. त्यानंतर ती हसली होती. त्याच्याकडे बघून हसली होती. हे जर कुणी त्याला नीट धरून दाखवलं असतं तर त्याने उरलेला जन्म त्या माणसाच्या मोटरी भरून दिल्या असत्या. तो रात्रंदिवस आठवून बघू लागला. परत फिरल्याचं आठवत नव्हतं. पण थर्मोकोलची कड तळहाताला रुतते ती कशी, हे त्याला फार स्पष्ट आठवत होतं, आणि ते सकाळचं की दुपारचं, हे काही केल्या ठरेना.

पोंगल झाला, लग्नसराई सुरू झाली, कॅमेरा मोकळा मिळेना. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चिदंबरला एक दिवस रिकामा सापडला आणि दोघे मोपेडवरून निघाले. वाटेत फाट्यावर तुळजारामने मुद्दाम गाडी थांबवली. चहाचं दुकान तेच, बाक तेच. कोपऱ्यात उंच फळीवर टीव्ही.

"त्या सप्टेंबरात एका रविवारी मी इथे बराच वेळ बसलो होतो. गाणी बघत," त्याने दुकानदाराला सांगितलं. "आठवतं?"

"बसला असशील बाबा, शंभर लोक बसतात," दुकानदार चहा उंचावरून ओतत म्हणाला. "पण गाणी कुठली? टीव्ही तर मी ह्या दिवाळीला घेतला."

चिदंबर चहा फुंकत दुसरीकडे बघत होता. तुळजारामने पेला अर्धाच ठेवला.

कालव्याला आता पाणी नव्हतं. जानेवारी सरताना वरून पाणी बंद झालं होतं आणि तळाची वाळू उन्हात पांढरी पडली होती. पण एकतिसाव्या शॉटमध्ये कालवा यायचा नव्हता. कॅमेरा कालव्याकडे पाठ करून, अखिला जिथे बसली होती तिथून उलटा, वरच्या बांधाकडे लावायचा होता. भाऊ तुळजारामच होणार होता. त्याने मोटरच्या कामातलीच एक युक्ती केली. तिसाव्या शॉटमधली बोचक्याची सावली बोचक्याच्या उंचीशी दोऱ्याने ताडून त्याने घरीच एक काठी कापून आणली होती. ती त्याने मातीत रोवली आणि सावली खुणेपर्यंत लांबेतो दोघे बाभळीखाली बसून राहिले. सप्टेंबरचं चारचं ऊन फेब्रुवारीत पावणेचारलाच मिळालं.

"हे सरांनासुद्धा सुचलं नसतं डा," चिदंबर म्हणाला.

"अक्काला सुचलं असतं."

"अक्काने तुला काठीसारखं रोवलं असतं."

दोघे हसले. मग चिदंबर कट्ट्यापाशी गेला, तिपाई लावली, आणि तुळजाराम बांधावर, दोऱ्याने काढलेल्या जागी, हात मोकळे सोडून उभा राहिला. समोर रिकामा कट्टा. त्याचं टोक आता नुसत्या खड्ड्यावर लोंबत होतं. चिदंबरने "रोल" म्हटलं. तुळजाराम कट्ट्यावर जिथे तिचं तोंड असायचं तिथे बघत उभा राहिला, आणि त्याला पहिल्यांदाच असं वाटलं की आपल्याला उभं राहता येतं. डास नाही, वारा नाही, एक पोपटांचा थवा डोक्यावरून ओरडत गेला तरी पापणी हलली नाही. "कट," चिदंबर म्हणाला. चिदंबरने लेन्सवर टोपण लावेपर्यंत तुळजाराम जागचा हलला नाही.

तिपाई आवळताना त्याने विचारलं, "अण्णा, त्या दिवशी शॉट झाल्यावर मी काय केलं?"

चिदंबर स्क्रू फिरवत राहिला. पिळून संपला तरी फिरवत राहिला.

"तुला खरंच आठवत नाही?"

"नाही."

"पाचची बस चुकेल म्हणून कॅमेरा घेऊन मी पुढे गेलो. तुम्ही दोघं इथे होतात."

"मग मी कधी गेलो?"

"मला काय माहीत? बस वीस मिनिटं उशिरा आली. थांब्यावर मी उभा होतो. मोपेड माझ्यासमोरून गेली नाही." त्याने तिपाई खांद्यावर घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "पोलिसांनी विचारलं तेव्हा ती एकटी होती असं सांगितलं मी. तू घरी म्हणालास की शॉट झाल्यावर पुढे निघालो, म्हणून मीही तेच म्हणालो. कुणाला बोललो नाही तुळजा. आणि बोलणारही नाही."

"का?"

"अम्मांना तू एकटाच उरलायस."

परतीच्या वाटेवर तुळजारामने फाट्यावर गाडी थांबवली नाही. गेला महिनाभर जी गोष्ट खरी निघावी म्हणून तुळजारामचा जीव टांगणीला लागला होता, ती आता दोन्ही बाजूंनी खरी होत चालली होती. तो परत आला होता. मग तो कुठपर्यंत होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी एडिटच्या खोलीत सर आधीच येऊन बसले होते. त्यांनी नवी टेप लावून बघितली होती.

"उत्तम! ऊन तर असं जुळलंय की मीही फसलो असतो," ते म्हणाले. "आणि चाललायसही छान. न सांगता कळलं तुला, शॉट नुसता उभा ठेवायचा नसतो."

"मी चाललो नाही, सर."

"हे बघ की."

सरांनी नॉब फिरवला. तुळजाराम बांधावर उभा होता. पोपटांचा थवा गेला, त्याची सावली बांधावरून गेली. चिदंबरला लग्नं घेऊन घेऊन एक खोड जडली होती. "कट" म्हटल्यावरही तो टेप लगेच थांबवत नसे, न जाणो नवरी नेमकी तेव्हाच हसायची. त्यामुळे सर त्याला नेहमी टेप खातोस म्हणून बोलत. टेप पुढे चालली होती. बांधावरच्या तुळजारामने खांदे सैल सोडले, मान किंचित खाली घातली, भांडण झाल्यावर आधी बोलायचं नाही असं ठरवून जवळ येणारा माणूस घालतो तशी, आणि तो चालू लागला. बांध उतरून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, चौकटीच्या डाव्या कडेतून तो बाहेर गेला. मागे रिकामा बांध राहिला आणि टेप संपली.

"आता एक लक्षात ठेव," सर उठत म्हणाले. खालच्या वर्गात मुलं त्यांची वाट बघत होती. "ह्या शॉटमध्ये जो डावीकडून बाहेर जातो तो पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून आत यायला हवा. नाहीतर तो गेला कुठे? प्रेक्षक तिथेच अडकतो. तिसाव्याच्या शेवटी चिदंबरने टेप अशीच चालू ठेवली असेल तर बघ, उपयोगी पडेल. ती 'कट'नंतर दोनचार सेकंद बसलेली मिळाली तरी पुरे. पाय उचललास की काप."

ते गेले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत खाली गेल्या आणि खालून मुलांचा गलका ऐकू येऊन थांबला.

तिसाव्या शॉटचा शेवट तुळजारामने आजवर बघितला नव्हता. शेवटी अखिला स्वतःच हात वर करून "कट" म्हणे, तिथपर्यंत ती फिल्ममधली बाई असे, त्यानंतरची ती अक्का असणार, हे माहीत असल्यामुळे हात वर गेला की त्याची बोटं नॉब थांबवत. दोन महिन्यांत एकदाही त्याने त्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. आता त्याने उजव्या यंत्रात फिल्म लावून घेतली आणि बांधावरचा तुळजाराम पाऊल उचलतो तिथपर्यंतचा तुकडा उतरवला. काम स्वच्छ झालं. मग डाव्या यंत्रात जुनी टेप घातली.

अखिला कट्ट्यावर बसली होती. मागे पाणी भरून वाहत होतं, गढूळ, दोन्ही काठ धरून. गालावरचा उजेड थरथरत होता. तिने ओठ दाताखाली धरला, गालाला खळगा पडला. मग तिने हात वर केला, "कट" म्हटल्यासारखे ओठ हलले, हात खाली आला. गालावरचा उजेड एकदम गेला. फळा कुणीतरी खाली ठेवला होता.

तुळजारामने नॉब थांबवला. खोलीत पंखा फिरत होता. त्याला वाटलं उठावं, टेप काढून चिदंबरच्या दुकानात टाकून यावी, यादीत नाव नसलं तर नसलं. अम्माला सांगावं की मी नव्हतो, दहीभाताचं मला माहीत नाही. तेवढं सांगितलं की सगळं जिथल्या तिथे राहील. तो उठला नाही. समोर काय आहे ते बघितल्याशिवाय त्याच्याने आता राहवत नव्हतं, आणि बघवेल असंही वाटत नव्हतं; तेव्हा त्याने डावा तळहात टीव्हीच्या काचेवर, चौकटीच्या उजव्या कडेवर, वरपासून खालपर्यंत पसरून ठेवला. काच कोमट होती. उजव्या हाताने त्याने नॉब हळूहळू पुढे नेला.

अक्काने पदराने मान पुसली. वर बघितलं. आता ती बाई नव्हती, तिला ऊन लागत होतं, भूक लागली होती. तिची नजर बांधावरून खाली येऊ लागली, कुणाची तरी पावलं धरून, आणि जशी जवळ आली तशी तिची मानही वळत गेली, अगदी सावकाश, त्याच्या तळहातापर्यंत. तिथे ती थांबली. तिने काहीतरी म्हटलं, लहानसं, दोन-तीन शब्दांचं. टेपला आवाज नव्हता.

तुळजारामने तळहात आणखी घट्ट दाबला.

अक्काने शेजारचं बोचकं उचलून मागे ठेवलं, आणि येणाऱ्याला बसता यावं म्हणून ती कट्ट्यावर थोडी सरकली, पाण्याच्या बाजूला.